मानेपासून तळपायापर्यंत

आधी वाटलं, पोट ताणतंय म्हणून खाजतंय.
सहावा सरत आला होता. सासूबाई म्हणाल्या,
बाळाला जावळ फार असलं की आईला असंच होतं.
मी खोबरेल लावलं, आणि जावळाचं कौतुक केलं.

पण जावळ रात्री दोनलाच का वाढतं?
आणि बोटांच्या बेचक्यात का?
मनगटावर, बांगड्यांच्या खाली,
उलटून बाहेर आलेल्या बेंबीभोवती
झोपेत खाजवायची मी, आणि सकाळी
नखांतलं रक्त कणकेत जाऊ नये म्हणून
दोनदा हात धुवायची.

चार आठवड्यांनी शिवदासही खाजवू लागला,
पहाटेच्या पाळीची बस काढायला निघताना,
पट्ट्याच्या खाली, माझ्याकडे न बघता.

महापालिकेच्या दवाखान्यात मोमीन डॉक्टरांनी
माझी बोटं फाकवली, चष्मा कपाळावर सरकवला.
“ही रेघ दिसते? राखाडी?
किडा गेलाय इथून. खरूज आहे.”
बाकावरच्या तीन बायका एकदम सरकल्या.

मला ती रेघ ओळखीची वाटली.
बालवाडीत मल्हारचा हात हातात धरून
दोन महिने मी ‘अ’ गिरवून घेत होते;
तो सोडून द्यायचा, तेवढीच, अर्धी.

विचारायचं होतं एक, निघालं भलतंच:
“पुढच्या रविवारी डोहाळजेवण आहे माझं.”
त्या हसल्या नाहीत. पोटावर हात ठेवून म्हणाल्या,
“तो कातडीच्या वरच्या थरातच राहतो.
आत जायला त्याला वाट नाही.”
हे वाक्य मी पर्वती पायथ्यापर्यंत
सुट्ट्या पैशांसारखं मुठीत धरून आणलं.

घरी कपाटात एक बाटली होती, दिराच्या वेळची,
लेबल पुसलेली. सासूबाईंनी हलवून पाहिली: “अर्धी आहे की.”
ती नाही, मी म्हणाले,
आणि माझा आवाज चढला, लग्नानंतर पहिल्यांदा.
पोटुशीला चालतं ते हेच, चिठ्ठीवर लिहिलेलं, पर्मेथ्रिनचं मलम,
आणि घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री.
“मला कुठे खाजतंय?” त्या म्हणाल्या,
कोपर खाजवत.

त्या रात्री आम्ही तिघं
नुकत्याच रंगवलेल्या भिंतींसारखे, कुणी कुणाला टेकायचं नाही.
शिवदासनं माझ्या पाठीला लावलं,
गिअर टाकून घट्टे पडलेल्या हातानं,
मग काखा, नखांच्या कडा,
मांडीचे सांधे, जिथवर दिवसा आमचे शब्दही जात नाहीत.
पोटापाशी थांबला. “इथे पण?”
“मानेपासून तळपायापर्यंत, म्हणाल्यात.”
त्यानं थंड तळवा ठेवला
आणि आतून लाथ बसली.
“चिडलाय,” तो म्हणाला.
“चिडलीय,” पडद्यामागून सासूबाई.

सकाळी नळ सहाला. अंघोळी.
चादरी, परकर, सदरे उकळत्या पाण्यात;
गोधडी काळ्या पिशवीत गाठ मारून गॅलरीत, आठवडाभर.
शेजारीण विचारायची, गावाला कधी निघताय?

आठव्या दिवशी पुन्हा लावलं.
तरी खाज. मी रिकामी ट्यूब पिळत रडले.
डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: मेलेलेही काही आठवडे खाजवतात.
आपल्या मनानं तिसऱ्यांदा लावू नकोस, दाखवायला ये.
मेलेल्यांचं मला ठाऊक होतं.
माहेरची दोन माणसं तशीच आहेत.

डोहाळजेवण पुढे ढकललं. सगळ्यांना सांगितलं,
घरात सर्दी आहे.
मल्हारच्या दारात मात्र सर्दी सांगता येईना.
त्याच्या आईनं, ललितानं, दार वीतभर उघडलं.
“आमच्यात नाही असलं काही.”

मी माझीच बोटं फाकवून धरली.
सुकत आलेली रेघ दाखवली, दवाखान्याची वेळ सांगितली,
घरातल्या सगळ्यांनी, म्हणाले, एकाच रात्री.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग पाठीमागे धरलेला हात
सावकाश पुढे आणला. स्वतःचा.